अळीचे कल्ले आणि विमलताईंचं तळं

माझ्या नणंदेच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या खांबावर, हॅलोजनच्या खाली, एक पांढरा पतंग बसला होता. मी खुर्चीवर चढून तो बघत होते, तेवढ्यात वरमाई आल्या. "अहो, पंगत बसलीये, वर काय शोधताय?" मी म्हटलं, "एकच मिनिट, याच्या पंखावर ठिपके दोन आहेत की तीन, तेवढं बघते." त्या बाईंनी माझ्या नवऱ्याकडे अशी काही नजर टाकली, की बिचारा मान खाली घालून जिलेबी खात राहिला. ठिपके दोन होते. मी खाली उतरले आणि निवांत जेवले.

नवऱ्याची मला कीव येते. पण बत्तीस वर्षं जे काम केलं ते निवृत्तीच्या नारळाबरोबर कुणाच्या हातात देता येत नाही. नेवासा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कागदावर माझं काम बाटल्या धुणं, भिंगं पुसणं आणि मुलांनी चिरलेली बेडकं आवरणं. आमच्या सरांना मात्र पाणथळीच्या पतंगांचं वेड होतं. नदीकाठ, धरणाचा फुगवटा, पाझराची डबकी, जिथे लव्हाळा आणि पाणकणीस उगवतं तिथे सर जायचे आणि त्यांच्या मागे जाळी घेऊन मी. पुढे सरांची नजर अधू झाली. मग ते विचारायचे, "गायकवाडबाई, पंख कसे धरलेत?" मी सांगायचे आणि ते लिहायचे. आणखी काही वर्षांनी ते विचारायचे, "कोणता आहे?" मी सांगायचे आणि ते लिहायचे. त्यांच्या लेखात शेवटी 'प्रयोगशाळा परिचराच्या साहाय्याने' असं असायचं. परिचराला नाव असतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही आणि मीही कधी बोलले नाही. आता वाटतं, बोलायला पाहिजे होतं.

पतंग ओळखायचा म्हणजे लोकांना वाटतं रंग बघायचा. रंगावर जाऊ नये. रंग उडतो. पंखांवर पिठासारखी खवलं असतात, जुन्या पतंगाची ती झडतात आणि तो भलताच कुणीतरी दिसायला लागतो. आधी बसतो कसा ते बघावं. कुणी पंख घराच्या छपरासारखे उतरते धरतो, कुणी जमिनीवर सतरंजी टाकावी तसा पसरून बसतो, कुणी अंगाभोवती गुंडाळून काडी होतो. मग बसतो कुठे: पानाच्या वर की खाली, पाण्यावर की काठाच्या गवतात. आणि उठवलं तर करतो काय. पाणथळीतले बरेचसे पांढरे पतंग, नखाएवढे, दिवसा लव्हाळ्यात दडून असतात. काठीनं गवत हलवलं की उठतात, पाण्याला लागून चार हात उडतात आणि परत दडतात. लांब पळून जात नाहीत. घर सोडवत नाही त्यांना. मला त्यांचं हे फार आवडतं.

आणि या पतंगांच्या अळ्या चक्क पाण्यात राहतात, हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. अळी, आणि पाण्यात? हो. पानाचा गोल तुकडा कापते, दुसऱ्या तुकड्याला रेशमानं शिवते आणि मधे झोपते. काही जातींच्या अळ्या त्या घरकुलात हवा भरून ठेवतात. काहींना माशासारखे कल्ले असतात, म्हणजे अंगावर पांढऱ्या दोऱ्यांचे झुबके, आणि त्या पाण्यातलाच श्वास घेतात. पुढे जे सांगायचंय ते सगळं या झुबक्यांवरच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पतंग ओळखून घ्यायला येणारी गिऱ्हाइकं एकेक नमुना असायची. एक तेलवाला दुकानदार बाटलीत बुडालेला पतंग घेऊन आला होता. "बाई, हा कोण ते सांगा, माझ्या डब्यात सापडला." तेलात पडलेल्या पतंगाची सगळी खवलं निघून जातात, उरतात नुसते काचेसारखे पंख. मी म्हटलं, "दादा, याचे कपडे काढून आणलेत तुम्ही, आता ओळखू कसा?" तो म्हणाला, "पाय तर हायेत की!" खरंच, पाय बघून मी अर्धा तास काढला. नाही आला ओळखता. तसं सांगितलं तर तो म्हणाला, मग कॉलेज कशाला काढलंय? आणि हल्ली मोबाईलवर फोटो येतात. फोटोत अंगठा स्वच्छ दिसतो, रेषा मोजता येतील इतका, आणि पतंग मात्र धुरासारखा. खाली लिहिलेलं असतं, 'अर्जंट'.

पण विमलताईंनी फोटो पाठवला नाही. त्या स्वतः आल्या. निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. गणपती नुकतेच गेले होते. दारात एक बाई, डोक्यावर पदर, हातात दुधाची किटली.

"किड्याच्या बाई तुमीच का?"

"मीच. या आत."

किटलीत पाणी होतं आणि पाण्यात कुमुदाची पानं. अशी कातरलेली, जणू कुणी बसून बांगडी ठेवून गोल तुकडे कापले असावेत. त्या तुकड्यांची शिवलेली घरकुलं पाण्यावर तरंगत होती. मला हसू आलं, जुनी ओळख भेटल्यासारखं. विमलताईंच्या डोळ्यांत पाणी होतं, तेव्हा मी हसू आवरलं.

त्यांचं सांगणं असं. प्रवरेच्या बाजूला त्यांचा ऊस. त्यातला रस्त्याकडचा सखल तुकडा पाटाच्या पाझरानं कायमचा पाणथळ झालेला. ऊस कुजला, रान चोपण, म्हणजे खारवट, झालं. मालकांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, भाऊसाहेबांनी, नाद सोडला. विमलताईंनी माहेरच्या तळ्यातून कुमुदाचे कंद आणून त्या चिखलात लावले. घरात सगळे हसले. तिसऱ्या वर्षी तळं पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलं. पहाटे फुलं काढायची आणि हारवाल्यांना द्यायची. गावातल्या विहारातही वैशाखी पौर्णिमेला तीच फुलं जायची. सगळे त्यांना कमळंच म्हणायचे, मीही विमलताईंसमोर कधी दुरुस्ती केली नाही.

"आता धाकट्या भावजींच्या डोक्यात हॉटेल घुसलंय," त्या म्हणाल्या. "रमेशभावजी म्हनत्यात, शिंगनापूरच्या गाड्या ह्याच रस्त्यानी जात्यात, मुरूम टाकून भरून घेऊ. मालकांनी मला लक्षमीपूजनापर्यंत मुदत दिली. फुलं निघाली तर तळं ऱ्हाईल. न्हाई निघाली तर मुरूम. आन हे बघा काय झालंय! पान म्हनून शिल्लक न्हाई."

"औषध टाकलं का काही?"

"दुकानदारानी पावडर सांगितली. म्हनला, सगळं साफ व्हतंय. पन साफ म्हंजे काय वो? बेडकं हायेत, मासं हायेत, म्हशी पानी पेत्यात. न्हाई टाकली." मग हळूच म्हणाल्या, "माझं एवढंच हाय मॅडम. बाकी सगळं त्यांच्या नावावर हाय, सासऱ्यांपासून. ते तळं तेवढं मी केलेलं."

इथे मी माती खाल्ली.

आमच्या प्रयोगशाळेची एक रीत होती. काहीही आलं की आधी स्पिरिटमध्ये, मग चिठ्ठी, मग भिंग. अळी सडू नये म्हणून. ही सवय माझ्याबरोबर घरी आली, आणि स्पिरिटची बाटली पाण्याच्या माठाइतकी नियमानं मी भरून ठेवते. विमलताईंच्या अळ्या मी घरकुलातून काढल्या, स्पिरिटमध्ये टाकल्या, मग काढून कागदावर ठेवल्या आणि भिंग लावलं. अंग गुळगुळीत. दोरे नाहीत, झुबके नाहीत. मी बत्तीस वर्षांच्या तोऱ्यात सांगून टाकलं, "हिला कल्ले नाहीत. ही घरकुलात हवा भरते. पाणी काढून टाकलं तरी हिला काही होणार नाही. एकच उपाय, घरकुलं वेचून काढायची."

विमलताईंनी हात जोडले. मला चांगलं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, येचून येचून हात सोललं. दोन बाया लावल्या. आज येचावं तर उद्या पुन्हा तेवढीच." आवाजात तक्रार नव्हती, हे जास्त लागलं. मी दुपारच्या एसटीनं गेले.

तळ्याच्या काठाला बसले आणि काठीनं लव्हाळा हलवला. पांढरे पतंग उठले. चार हात उडून परत बसले, पंख पसरून. पुढच्या पंखावर दोन काळे ठिपके, पिवळसर रेषा. मी बघतच राहिले. ज्याच्या अळीला कल्ले नसतात, तो पतंग तपकिरी असतो, डागाडागांचा. हा तो नव्हताच. एक मादी पानाच्या कातरलेल्या कडेवरून पोट खाली वाकवून पानाच्या पाठीला अंडी घालत होती, अगदी माझ्या समोर.

"विमलताई, एक पांढरी ताटली आणा."

ताटलीत तळ्याचंच पाणी घेतलं. एक घरकुल हळूच उसवून जिवंत अळी त्यात सोडली. थोडा वेळ ती गप्प पडून राहिली. मग तिच्या दोन्ही कुशींतून पांढरे दोरे सुटायला लागले. झुबके पसरले आणि पाण्यात हलायला लागले. कल्ले! इतके, की मोजता येऊ नयेत. स्पिरिटमधून बाहेर काढल्यावर तेच कल्ले अंगाला चिकटून बसले होते, ओल्या केसांसारखे, आणि मी त्याला गुळगुळीत अंग म्हटलं होतं. विद्यार्थ्यांना मी हजारदा बजावलं असेल, आधी जिवंत बघा. अगं बाई, स्वतःला कोण सांगणार?

"माझं चुकलं," मी म्हणाले. "हिला कल्ले आहेत. पाणी काढलं असतं तर दोन-तीन दिवसांतच मेली असती."

विमलताई आपल्या हातांकडे बघत होत्या. बोटांची सालं निघाली होती. "म्हंजे धा दिस आमी उगाच वाकलो?"

"हो."

त्या उठल्या आणि घरात गेल्या. मला वाटलं, आता एसटीची वेळ विचारतील. त्या चहा घेऊन आल्या. "घ्या," म्हणाल्या, "त्वांड उतरलंय तुमचं. आता काय करायचं ते सांगा."

आता करायचं म्हणजे तळं तीन दिवस कोरडं ठेवायचं. कंद ओल्या चिखलात तग धरतात, अळ्या धरत नाहीत. हे सांगितलं तसा विमलताईंचा चेहरा पडला. "मॅडम, तळं रिकामं व्हायची तर रमेशभावजी वाटच बघत्यात. पानी भरलेलं हाय म्हनून टिपर येत न्हाई."

त्यांनी एकदा माझं ऐकून दहा दिवस घालवले होते. आता दुसऱ्यांदा ऐकायचं, तर अख्खं तळंच पणाला लावायचं होतं. मी म्हटलं, "मी इथंच राहते तीन दिवस." याचा काय उपयोग होता, मलाही ठाऊक नव्हतं. घरी फोन केला. नवरा म्हणाला, "किती ठिपके आहेत?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी लाईट आली तशी मोटार लावली. एका कोपऱ्यात खड्डा खणला, मासे त्यात जमले. पाणी उतरलं तसे बगळे आले आणि आपल्या परीनं त्यांनीही काम केलं. पाझर काही थांबेना, म्हणून लाईट असेल तेव्हा मोटार चालू. भाऊसाहेब बांधावर येऊन उभे राहायचे, बघायचे आणि जायचे. चांगला माणूस, पण तोंडातून शब्द काढायला जणू पैसे पडतात. संध्याकाळपर्यंत घरकुलं चिखलावर पसरलेली दिसली. काही उसवून बघितली. कल्ले सुकले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी टिपर आला. मुरमानं शिगोशीग भरलेला, रमेश पुढे मोटारसायकलवर. "वैनी, बरं झालं तुमीच मोकळं केलं," तो हसत म्हणाला, मग बांधावरच्या भाऊसाहेबांकडे वळला. "दादा, मागं घ्यायला सांगू का त्याला?"

विमलताई चपला काढून चिखलात उतरल्या आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. नडगीपर्यंत चिखल.  ड्रायव्हर खाली उतरून बिडी पेटवायला लागला. असले घरचे तमाशे त्यानं बघितले असावेत.

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. दोन दिवसांत पहिल्यांदा. "मॅडम, खरं सांगा. फुलं येत्याल का?"

त्या क्षणी 'हो' म्हणायला काय जात होतं माझं! विमलताई चिखलातून माझ्याकडेच बघत होत्या. पण एकदा ठासून बोलून मी त्या बाईचे हात सोलले होते.

"माहीत नाही," मी म्हटलं. "अळ्या मेल्यात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. कंद जगतील असं वाटतं. फुलं लक्ष्मीपूजनापर्यंत येतील का, ते मला सांगता येत नाही. मागच्या वेळी मी छातीठोक सांगितलं होतं आणि चुकले. तुमच्या बायकोला त्याचा त्रास झाला. आत्ता जेवढं माहीत आहे तेवढंच बोलते."

रमेश खो खो हसला. "ऐकलं का दादा? शिकल्याली बाई म्हनती, म्हाईत न्हाई!"

भाऊसाहेब हसले नाहीत.  म्हणाले, "ऐकलं. पाझर बंद व्हनार म्हननारा इंजिनीयर आल्ता, त्याला म्हाईत हुतं. चोपनावर ऊस येतो म्हननाऱ्या खतवाल्याला म्हाईत हुतं. तुला हॉटेलचं म्हाईत हाय. सगळ्यांनाच म्हाईत असतंय. म्हाईत न्हाई म्हननारं मानूस पयल्यांदाच दारात आलं माझ्या." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मुरूम रस्त्यापासनं तळ्यापत्तुर वाटंवर टाक. बायका घसरत्यात तिथं. मुदत दिवाळीची हाय, आज न्हाई."

रमेश काहीतरी पुटपुटला आणि मोटारसायकलला किक मारत राहिला, ती लवकर चालू होईना. विमलताई चिखलातून बाहेर आल्या. नवऱ्याच्या जवळून जाताना म्हणाल्या, "एवढं बोलता येतं व्हय तुमाला?" भाऊसाहेब कानापर्यंत लाल झाले.

तीन दिवस भरल्यावर मोटार बंद केली, पाझरानं तळं पुन्हा भरायला लागलं आणि मी घरी आले. मग रोज फोन. पानं निघाली. तांबूस, गुंडाळलेली, मग उलगडलेली. भाऊसाहेब रोज सकाळी पानं उलटून अंडी बघायचे आणि विमलताईंच्या फोनवरून मला वर्दी द्यायचे. एकदा त्यांनी सांगितलं, "मॅडम, आज एक पतंग गावला, पन आपला न्हाई. ह्यो छपरावानी बसतो." मी म्हटलं, असेल तो दुसरा, पण फोटो पाठवा. फोटो बघितला. ते बरोबर होते. त्यात अंगठाही नव्हता.

पण कळी दिसेना. दसरा गेला. धनत्रयोदशी आली. विमलताई फोनवर आता पानांचं सांगायच्या नाहीत, माझ्या गुडघ्याचं विचारायच्या. मीही गुडघ्याचंच सांगायचे.

आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं. पण त्या दिवशी मी पहाटेपासून मोबाईल पदराशी घेऊन बसले होते. नवरा दोनदा म्हणाला, चहा तरी घे. सात वाजले, आठ वाजले. नऊ वाजायला आले तेव्हा वाजला.

"मॅडम," विमलताई म्हणाल्या आणि थांबल्या. मागे भाऊसाहेबांचा आवाज येत होता, सांग की, सांग की. "दोन आली. पाण्याच्या आत हुत्या वो कळ्या, पानाखाली, आमाला दिसल्याच न्हाईत. सकाळी बघती तं उमलल्यात."

  मी विचारलं, "दोन्ही संध्याकाळी लक्ष्मीला वाहणार?"

"एक लक्षमीसाठी ठिवलंय. दुसरं रमेशभावजींच्या दारात ठिवून आले. उंबऱ्यावर. म्हनलं, भावजी, टाका आता ह्याच्यावर मुरूम."

"अहो! मग काय म्हणाले ते?"

"काय म्हनत्यात!  उचललं, आन देव्हाऱ्यात नेऊन ठिवलं."